वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि उत्तरायुष्य : पेडणे-डिचोली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

लठ्ठपणा व त्यातून उद्भवणारे आजार हा आज केवळ महानगरांचा प्रश्न राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. गोव्यात हे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. गोव्यातील दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक व्यक्ती मधुमेही असावी, हा आकडा शिक्षकवर्गाने दुर्लक्षिण्याजोगा नाही.

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बेरिॲट्रिक सर्जरी, हा या आजारांवरील एक उपचार होय. पूर्वी तो तरुण व मध्यमवयीन रुग्णांपुरताच विचारात घेतला जाई. आता पन्नाशी-साठी ओलांडलेल्या व्यक्तीही ही शस्त्रक्रिया करून घेतात. शिवाय ज्यांनी ती चाळिशीत करून घेतली ते आज उत्तरायुष्यात प्रवेश करीत आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या माहितीच्या पुस्तिका पुष्कळ मिळतात. पण तिच्यासह पुढची वीस वर्षे कशी काढायची, याविषयी सामान्य वाचकाला समजेल असे मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात हाच विषय पेडणे व डिचोली या तालुक्यांतील जीवनपद्धती समोर ठेवून मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, उतारवयात या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम वार्धक्याच्या लक्षणांमागे दडून राहतात. आणि ते वेळीच ओळखायचे तर रुग्ण, कुटुंब व स्थानिक डॉक्टर यांच्यामध्ये योग्य शब्दांत माहिती पोहोचली पाहिजे. शिक्षकांचे कार्य येथेच सुरू होते.

शस्त्रक्रियेत नेमके काय केले जाते?

प्रथम शब्दांविषयी. या शस्त्रक्रियेला बोलीत 'चरबी काढण्याचे ऑपरेशन' म्हटले जाते. हा समज मुळातच चुकीचा आहे. चरबी शोषून काढण्याची क्रिया वेगळी असून ती सौंदर्योपचारात मोडते. ज्या घरांत उर्दू व मराठी या दोन्ही भाषा बोलल्या जातात तेथे गोंधळ आणखी वाढतो. उर्दूत 'मेदा' म्हणजे जठर. मराठीत 'मेद' म्हणजे चरबी. 'मेदा छोटा किया है' हे वाक्य मराठी कानाला 'मेद कमी केला आहे' असे ऐकू आले तर नवल नाही. परंतु या दोन वाक्यांत रुग्णाच्या जन्मभराच्या पथ्याचा फरक आहे. ज्याचा मेद काढला त्याला पूर्वीसारखे जेवता येईल. ज्याचे जठर लहान केले त्याला ते कधीही जमणार नाही.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिला स्लीव्ह असे म्हणतात. या नळीत सुरुवातीला साधारण १०० ते १५० मिलिलिटर अन्न मावते. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. त्यामुळे अन्न बरेचसे जठर व आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. यास बायपास म्हणतात. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास या दुसऱ्या पद्धतीचा पाया घातला. आज दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीद्वारे, पोटावर लहान छिद्रे पाडून केल्या जातात.

जठर लहान झाल्याने माणूस कमी खातो, हे अर्धे स्पष्टीकरण झाले. जठराच्या काढून टाकलेल्या भागात भूक चाळविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते; ते घटल्याने भूकच मंदावते. बायपासनंतर आतड्यातील संप्रेरकांतही बदल होतात आणि कित्येक मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसे घटण्यापूर्वीच खाली येते. म्हणूनच या उपचाराला आता चयापचयाची शस्त्रक्रिया असेही संबोधले जाते.

वय आणि पात्रता

पात्रता ठरविताना शरीरभार निर्देशांक पाहतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. उदाहरणार्थ, १.५५ मीटर उंचीच्या व ९० किलो वजनाच्या स्त्रीचा निर्देशांक सुमारे ३७.५ येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशी मर्यादा घालून दिली होती. २०२२ साली दोन आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनांनी ती शिथिल केली. आता ३५ च्या वर सहव्याधी नसतानाही आणि ३० च्या वर चयापचयाचा आजार असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे त्यांचे मत आहे. आशियाई लोकांत कमी वजनातही मधुमेह जडतो. म्हणून त्यांच्यासाठी २७.५ ही सीमा सुचविली आहे. याच मार्गदर्शक सूचनांत वयाची कमाल मर्यादा ठेवलेली नाही. जन्मतारखेपेक्षा रुग्णाची दुर्बलता, म्हणजे त्याची चालण्या-उठण्याची ताकद, स्नायूंचे बळ, हृदय-मूत्रपिंडांची अवस्था, महत्त्वाची मानावी, असे त्या सांगतात.

आरोग्यविम्याच्या बाबतीत मात्र निकष जुनेच व कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दांनुसार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा. अथवा ३५ व त्यासोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी व्याधी असावी, आणि इतर सौम्य उपाय आधी करून झालेले असावेत. डॉक्टरांनी योग्य ठरविले म्हणजे विमा मिळेलच, असे गृहीत धरू नये. दाखल होण्यापूर्वीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

मराठी माणसांच्या परिचयाचे उदाहरण श्री. नितीन गडकरी यांचे आहे. भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, सप्टेंबर २०११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथील सभेत त्यांनी स्वतःच सांगितले की, एकेकाळी आपले वजन १३५ किलो होते व आता ते ९३ किलो आहे. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर व पासष्टीच्या उंबरठ्यावर वजन आटोक्यात ठेवता येते, याचा हा जाहीर दाखला होय. दुसरे उदाहरण श्री. अरुण जेटली यांचे. केंद्रीय अर्थमंत्री असताना सप्टेंबर २०१४ मध्ये, ६१ व्या वर्षी, दीर्घकाळच्या मधुमेहामुळे वाढलेल्या वजनावर उपाय म्हणून त्यांनी दिल्लीत शस्त्रक्रिया करून घेतली. २०१८ मध्ये त्यांना मूत्रपिंडाचे रोपण करावे लागले व ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या दोन उदाहरणांवरून शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निवाडा करणे योग्य होणार नाही. मधुमेह किती वर्षे मुरलेला आहे यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते, एवढेच येथे लक्षात घ्यावे. जुन्या मधुमेहात साखर सुधारते. पण तोवर मूत्रपिंडांची, डोळ्यांची झालेली हानी भरून येईलच असे नाही.

व्यक्तिगत उदाहरणांपेक्षा दीर्घकालीन अभ्यास अधिक बोलका असतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून लठ्ठ व्यक्तींच्या दोन गटांचा मागोवा घेण्यात आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक होते. मात्र सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. लाभ खरा आहे, आणि त्याला मर्यादाही आहे.

२०२५ पासून वजन घटविणारी नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. त्यामुळे काहींना शस्त्रक्रियेची गरज भासणार नाही. परंतु ती बंद केल्यावर वजन बहुधा परत वाढते आणि त्यांचा खर्च चालूच राहतो. ज्यांचे जठर आधीच लहान केले आहे त्यांच्यापुढील प्रश्न तर या औषधांनी सुटत नाहीत.

ताटातील बदल

गोव्यात आजारी माणसाला पेज देण्याची जुनी रीत आहे. उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी, पोटाला शांत करणारी, हे खरे. परंतु ज्याच्या जठरात एका वेळी अर्धी वाटीच मावते त्याने ती अर्धी वाटी पेजेनेच भरली, तर प्रथिनांना जागा उरत नाही. अशा रुग्णाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. उतारवयात ही गरज अधिकच महत्त्वाची ठरते. कारण वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि साठीनंतर गेलेले स्नायू परत मिळविणे फार कठीण असते.

हे गणित आपल्याच स्वयंपाकघरातील पदार्थांनी मांडता येते. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. १०० ग्रॅम बांगड्यातून किंवा तारल्यांतून सुमारे २० ग्रॅम, दोन पेले दुधातून सुमारे १३ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमधून सुमारे ९ ग्रॅम आणि मूठभर डाळीतून ७ ग्रॅम मिळाले की साठी गाठली जाते. म्हणजे महागड्या डब्यांतील भुकटीवाचूनही हे जमते; पण दिवसभरात पाच-सहा लहान जेवणे ठरवून घ्यावी लागतात. ताटात आधी मासा, अंडे, डाळ किंवा अळसांदे, मग भाजी, आणि जागा उरलीच तर शीत, हा क्रम पाळावा लागतो. शीत-कडीवर वाढलेल्या माणसाला हा क्रम उलटा वाटतो, आणि म्हणूनच तो पुनःपुन्हा समजावून सांगावा लागतो.

या ठिकाणी वयाशी निगडित एक अडचण येते व ती सहसा कोणी विचारीत नाही. ती म्हणजे दात. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून लापशीसारखा करावा, असा नियम रुग्णाला सांगितला जातो. दाढा पडलेल्या किंवा सैल कवळी लावणाऱ्या व्यक्तीला तो पाळता येत नाही. मांसाचा किंवा पोईचा न चावलेला तुकडा अरुंद नळीत अडकतो, छातीत कळ येते व उलटी होते. वजन घटल्यावर हिरड्यांचा आकार बदलून पूर्वीची कवळी सैल होऊ शकते. म्हणून उतारवयात शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर दंतवैद्याकडे जाणे हा उपचाराचाच भाग समजावा. तोवर मासे काटे काढून, मटण खिम्याच्या रूपात, कडधान्ये घोटून द्यावीत.

पाणी हा दुसरा मुद्दा. जेवणाआधी व नंतर सुमारे अर्धा तास पाणी पिऊ नये आणि एका दमात पेलाभर पिऊ नये, असे सांगतात. वृद्धांना तहान मुळातच कमी लागते. किनारपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, घामावाटे पाणी जात राहते. परिणामी पाणी कमी पडून चक्कर येते, बद्धकोष्ठता होते, रक्तदाब उतरतो. घोट-घोट पाणी दिवसभर घेण्यासाठी भरलेली बाटली नजरेसमोर ठेवणे हा साधा उपाय उपयोगी पडतो.

'वय झाले' या दोन शब्दांचा धोका

शस्त्रक्रियेनंतर काही जीवनसत्त्वे व खनिजे अन्नातून पुरेशी शोषली जात नाहीत. ती गोळ्यांच्या किंवा इंजेक्शनांच्या रूपाने आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांच्या अभावाची लक्षणे आणि वार्धक्याची लक्षणे इतकी सारखी आहेत की घरची मंडळी व कधीकधी डॉक्टरही फसतात.

ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. या जीवनसत्त्वाचा साठा यकृतात पुष्कळ काळ पुरतो. त्यामुळे त्रास शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी, म्हणजे रुग्णालयातील तपासण्या थांबल्यावर, सुरू होऊ शकतो. मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मिन व आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्या हाच अभाव वाढवितात. लोहाच्या अभावाने धाप लागते, थकवा येतो. चहाबरोबर लोहाची गोळी घेतल्यास ती निष्प्रभ ठरते. कॅल्शियमच्या गोळीतही व तिच्यातही दोन तासांचे अंतर लागते. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे ठिसूळ होतात. न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हा धोका सर्वाधिक असतो.

सर्वांत तातडीचा अभाव ब-१ जीवनसत्त्वाचा. काही दिवस सतत उलट्या होत राहिल्यास हा साठा काही आठवड्यांतच संपतो. त्यानंतर गोंधळल्यासारखे बोलणे, चालताना झोकांड्या जाणे, एकाचे दोन दिसणे ही लक्षणे दिसतात. वेळेवर उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा होते. साठीच्या माणसात ही लक्षणे दिसली की 'आता वय झाले' किंवा 'अर्धांगाचा झटका आला' असे म्हटले जाते. अशा वेळी 'याच्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे' हे एक वाक्य कोणी सांगितले तर उपचाराची दिशा बदलते.

औषधांचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतर इन्शुलिन व मधुमेहाच्या काही गोळ्यांचे प्रमाण लगेच कमी करावे लागते. नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्याही पुढे कमी होऊ शकतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पूर्ण परिणाम देतीलच याची खात्री नसते. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो. मद्यही अशा शरीरात अधिक वेगाने भिनते. फेणीचा पूर्वीइतकाच घोट पूर्वीसारखा सोसत नाही, हे शेजारधर्म म्हणून ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांना सांगावे.

पेडणे किंवा डिचोलीतील रुग्णाची शस्त्रक्रिया बहुधा तालुक्याबाहेर, कधी राज्याबाहेरही होते. नंतरची दुखणी मात्र तो गावच्या आरोग्यकेंद्रात, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवितो. तेथील डॉक्टरांसमोर जुने कागद नसतात. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ब-१२, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम तपासून घेणे आणि वेळोवेळी हाडांची घनता मोजणे ही जबाबदारी अखेर घरावरच येते.

रोजा, उपवास आणि आतिथ्य

या वाचकवर्गासाठी रमजानचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या भागात रोजाचा काळ साधारण तेरा तासांचा असतो. एवढा वेळ पाणी न घेतल्यानंतर, सायंकाळपासून पहाटेपर्यंतच्या थोड्या तासांत लहान जठरातून पुरेसे पाणी व प्रथिने घेणे अतिशय अवघड असते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष-दीड वर्ष रोजा ठेवू नये, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. त्यानंतरही इन्शुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असलेले व वजन अजूनही वेगाने घटत असलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

शरीअतने या बाबतीत मार्ग ठेवलेला आहे. आजारी व्यक्तीला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची, आणि ज्याला ते कधीच शक्य होणार नाही त्याला फिदिया म्हणजे गरजूला भोजन देण्याची सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्ये दिली आहे. तरीही चाळीस वर्षे रोजे ठेवणाऱ्या वृद्धाला ही सवलत घेणे जड जाते. बाहेरून तो आता पूर्वीपेक्षा निरोगी दिसतो. मग सवलत कशाची, असे त्याला स्वतःलाच वाटते. अशा वेळी डॉक्टर व आलिम या दोघांचा सल्ला एकत्र मिळाला तर मनाची टोचणी कमी होते. ज्यांना रोजा ठेवण्याची परवानगी मिळाली आहे त्यांनीही इफ्तारच्या वेळी काळजी घ्यावी. खजूर व गोड सरबत एकदम पोटात गेल्यास, विशेषतः बायपासनंतर, साखर झपाट्याने आतड्यात उतरते. घाम, धडधड, पोटात मुरडा व नंतर साखर एकदम खाली येणे असा त्रास होतो. सुन्नत पाळण्यास एक खजूर पुरेसा आहे; तो सावकाश चावून खावा, मग पाण्याचे घोट व काही वेळाने प्रथिनयुक्त पदार्थ घ्यावा. सहरीनंतर लगेच आडवे होऊ नये; स्लीव्हनंतर आम्ल वर येण्याची तक्रार अनेकांना असते. जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटीन कोणत्या प्राण्याचे आहे ही शंका असल्यास त्याच औषधाची साधी गोळी मागून घ्यावी. शंकेपोटी औषधच बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही.

हिंदू कुटुंबांतील एकादशीचे, संकष्टीचे उपवास आणि डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या धोंडांचे व्रत यांबाबतही हाच विचार लागू पडतो. साबुदाणा व बटाटा यांवर काढलेला दिवस अशा शरीराला प्रथिनांवाचून जातो. दूध, दही, शेंगदाणे यांची जोड त्याला दिली पाहिजे.

आतिथ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्याकडे पाहुण्याने दोन घासांत हात आखडला तर यजमानास राग येतो. ईदची बिर्याणी असो वा चवथीच्या नेवऱ्या असोत, आग्रह हा प्रेमाचाच प्रकार असतो. पण या पाहुण्याच्या बाबतीत एक जादा घासही उलटीस कारण होऊ शकतो. ताट लहान द्यावे, वेळ जास्त द्यावा व आग्रह करू नये, इतके यजमानाने पाळले तरी त्या व्यक्तीचे समाजात जाणे-येणे टिकून राहते.

मन आणि समाज

वजन उतरल्यावर सुरुवातीला आनंद होतो. गुडघ्यांवरील भार हलका होतो. खुर्चीवर नमाज पढणाऱ्या कित्येकांना पुन्हा जमिनीवर सजदा करता येतो, देवळाच्या पायऱ्या चढता येतात, झोपेत श्वास अडकत नाही. उतारवयात या गोष्टींचे मोल आकड्यांनी मोजता येत नाही.

त्याबरोबरच काही गोष्टी खुपू लागतात. तरुण कातडी काही प्रमाणात आक्रसते. साठीची कातडी लोंबते. चेहरा ओढलेला दिसतो. गावात विचारपूस सुरू होते आणि तिच्यामागे दबलेली शंकाही असते : क्षय आहे की कर्करोग? शस्त्रक्रिया लपविलेली असल्यास उत्तर देता येत नाही. लपविण्याचे कारण बहुधा लाज असते. लठ्ठपणा म्हणजे आळस व खादाडपणा, आणि शस्त्रक्रिया म्हणजे पळवाट, असा ठपका समाज ठेवतो. वास्तविक वजन वाढण्यात आनुवंशिकता, संप्रेरके, औषधे व राहणीमान या सर्वांचा वाटा असतो. तसेच काही वर्षांनी थोडे वजन परत वाढणे हेही सामान्य आहे. त्याला रुग्णाचा नाकर्तेपणा समजल्यास तो तपासणीलाच जाणे टाळतो, आणि मग वर वर्णन केलेले अभाव कोणाच्याच लक्षात येत नाहीत. लज्जा ही येथे शरीरास अपाय करणारी गोष्ट ठरते.

घरात स्वयंपाक करणारी स्त्री स्वतः रुग्ण असेल तर तिची स्थिती आणखी कठीण. सर्वांसाठी रांधायचे, वाढायचे आणि शेवटी उरलेले आपण खायचे, ही रीत तिला सोडावी लागते. तिने वेळेवर, सर्वांआधी, मासळीचा मधला तुकडा खाणे हे औषध आहे, हे घरातील मुला-सुनांनी समजून घेतले पाहिजे.

शिक्षकांना काय करता येईल?

शिक्षकाने डॉक्टर होण्याची गरज नाही व तसा आव आणणे घातकही ठरेल. तथापि पुढील चार गोष्टी त्याच्या आवाक्यातील आहेत.

एक, शब्द. रुग्णालयातून घरी जाताना मिळणारी सूचनापत्रे बहुधा इंग्रजीत असतात. ती विद्यार्थ्यांकडून मराठी, उर्दू व कोंकणीत सोप्या वाक्यांत उतरवून घ्यावीत आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. भाषेच्या वर्गाला यासारखा जिवंत स्वाध्याय दुसरा मिळणार नाही. 'पथ्य' आणि 'परहेज' हे दोन्ही शब्द आजार संपला की संपणाऱ्या गोष्टी सुचवितात. येथे ते 'जन्मभराची शिस्त' असे उलगडून लिहावे.

दोन, ओळखपत्रिका. खिशात मावेल एवढ्या पुठ्ठ्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार, वर्ष, चालू औषधे, टाळावयाच्या वेदनाशामक गोळ्या व घरच्यांचा क्रमांक लिहून तो रुग्णाने जवळ बाळगावा. मजकूर मराठीत व इंग्रजीत असा दोन्ही भाषांत असावा.

तीन, अभ्यासक्रम. ज्या कम्युनिटी कॉलेजांत रुग्णसेवा, गृहविज्ञान किंवा पाककलेचे वर्ग चालतात तेथे या विषयावर एक-दोन तासिका ठेवता येतील. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मुला-मुलींना 'सतत उलटी व चालताना झोक जाणे म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय' एवढे जरी ठाऊक असले तरी पुष्कळ साधेल.

चार, सोबत. वार्षिक तपासणीसाठी बांबोळीला किंवा त्याहून दूर जाणे एकट्या वृद्धाला जड जाते. तेथे गेलेला दिवस व बसचा प्रवास यांनीच तो कंटाळतो. जमातीच्या, महिलामंडळाच्या किंवा कॉलेजच्या स्वयंसेवकांपैकी कोणी बरोबर गेल्यास तपासणी चुकत नाही.

समारोप

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया उतारवयात वर्ज्य मानण्याचे कारण नाही. योग्य निवड झालेल्या रुग्णाला ती चालण्या-फिरण्याची, उपासनेची व स्वावलंबनाची वर्षे मिळवून देऊ शकते. परंतु शल्यविशारदाचे काम संपते तेथून गोळ्यांची वेळ, घासांचा क्रम, पाण्याचे घोट आणि वर्षाची तपासणी यांचे काम सुरू होते. ते घर, मोहल्ला व गाव यांनी मिळून करायचे असते. एखादी वृद्ध व्यक्ती थकली, विसरू लागली, धडपडली, तर 'वय झाले' म्हणण्यापूर्वी तिच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली आहे का व तिची शेवटची तपासणी कधी झाली, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावू शकलो, तर या विषयावरील आपले शैक्षणिक उत्तरदायित्व काही अंशी पार पडेल.